विहिरीचं पाणी कधी तपासलंय का?

परवा गावी गेलो तर आई म्हणाली, विहिरीच्या पाण्यात डाळच शिजेना बघ आता, कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच. वाळवा तालुक्यातली आमची ही विहीर, आजोबांच्या काळात अख्खी आळी इथलं पाणी प्यायला न्यायची. आता कळशीत बोट फिरवलं की पांढरा थर निघतो, आणि खालच्या पट्टीत चार सऱ्यांत ऊस उगवतच नाही, उन्हाळ्यात तिथली जमीन मीठ सांडल्यासारखी दिसते.

लोक म्हणतात जमीनच चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेली, नशीब. अहो नशीब कसलं, जरा हिशोब करा. नदीच्या एका लिटर पाण्यात 300 मिलिग्रॅम क्षार धरा, एवढं पाणी गोडच लागतं. उसाला वर्षात एकरी 80 लाख लिटर पाणी पाटानं सोडलं तर त्यातून 24 क्विंटल क्षार रानात येतात! ऊस पाणी पितो, ऊन पाणी नेतं, क्षार मागं राहतात. काळ्या रानाला निचरा नाही, खालचं पाणी वर चढतं आणि मुळाशी मीठ आणून ठेवतं, थोडं झिरपून विहिरीत जातं आणि आपण मोटर चालू करून तेच परत सरीत सोडतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

आणि युरियाचं काय? आडसालीला, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेल्या उसाला, हेक्टरी 400 किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, सगळं युरियातून धरलं तर एकरी जवळजवळ आठ पोती, आमच्याकडं त्याच्याही वर टाकतात आणि लगेच भरून पाणी देतात. पिकाला न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन खाली जातं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची, आमच्या विहिरीचा रिपोर्ट त्याच्या वर आला. नायट्रेटला ना चव ना रंग, आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच ते कमी करतं, आणि आपल्याकडं बाळाच्या पावडरच्या दुधाला हेच पाणी "उकळून घेतलंय की" म्हणून वापरतात. हे मला फार लागलं.

माती परीक्षण करतो तसं दरवर्षी पाणी परीक्षणही करा, क्षार आणि नायट्रेट दोन्ही. मोटर दहा मिनिटं चालू द्या, मग स्वच्छ बाटलीत पाणी घ्या आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा केला की रान सुधारतं, शिरोळकडं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केलंय. पण ते खारं पाणी ओढ्यातून शेवटी कृष्णेतच जातं, खालच्या गावांचं काय, म्हणून मुळात पाणीच कमी द्यायला हवं. या हंगामात आम्ही वाफसा बघूनच, म्हणजे रानात चिखल नाही पण ओल आहे असं बघूनच, पाणी देणार, वडिलांना पटायला चार दिवस लागले पण पटलं.