मांदेलीला ‘बारीकसारीक मासळी’ म्हणणं सोडा

परवा बाजारात मावशीने वाटा पुढे सरकवला. "घे गं बाय, कवळी हाय, काट्यासकट खाशील." त्यातली एक मांदेली उचलून मी करंगळीला लावून बघितली. करंगळीहून लहान, पिल्लूच! मी घेतली नाही. मावशी खट्टू झाली. पण तिचं तरी काय चुकलं? लिलावात आलं ते तिने उचललं. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

पापलेट लहान झालं म्हणून आपण हळहळतो, सुरमईचे भाव ऐकून चुकचुकतो. मांदेलीचं मात्र कुणाला काही वाटत नाही. रवा लावायचा, कुरकुरीत तळायची, संपलं.

पुढच्या वेळी साफ करायला घ्याल तेव्हा मुंडकं मोडायच्या आधी जरा उजेडात धरून बघा. पोटाखालून बोट शेपटीकडून तोंडाकडे फिरवा, करवतीसारखं खरखरीत लागेल. छातीच्या पराचे वरचे सहा काटे सुटे असतात, दोऱ्यासारखे लांब. पोटाखालचा पर लांबत लांबत थेट शेपटीला जाऊन मिळतो. आणि अंगावर, खालच्या बाजूला, ओळीने सोनेरी मोत्यांसारखे ठिपके असतात. ती नुसती नक्षी नाही, ते प्रकाश देणारे अवयव आहेत! याता हानेदा या जपानी संशोधकाने 1961 साली मुंबईच्या पाण्यातल्या या प्रकाशणाऱ्या माशाबद्दल लिहून ठेवलंय. तिच्या भाऊबंदांत, म्हणजे तारली-पेडव्यांच्या अख्ख्या गोतावळ्यात, असे दिवे फारच दुर्मीळ. आणि आपण ती पाच मिनिटांत तळून मोकळे होतो.

तिला आपलं गढूळ, चिखलाचं, खाड्यांच्या तोंडाजवळचं पाणीच मानवतं. गुजरात-महाराष्ट्रात ती भरपूर, मग बोंबलासारखीच पुन्हा ओडिशा-बंगालकडे. जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबी, आणि पाण्यातले बारीक जीव खाऊन ती वाढते. तिला बोंबील खातो, घोळ खाते. म्हणजे जवळ्यातलं सत्त्व मोठ्या मासळीपर्यंत पोचवते ती हीच. ती आटली तर ताटातल्या घोळीचंही पोट रिकामं राहणार.

"तिला काय होतंय, भराभर वाढते, वर्षातला बराच काळ अंडी घालते," असं बरेच जण म्हणतात. खरं आहे. पण तिचं आयुष्यच वर्ष-दोन वर्षांचं. घोळीसारखी जुनी, मोठी मासळी मागे शिल्लक नसते. यंदाची पिल्लं उपसली, तर पुढच्या वर्षी अंडी घालायला उरणार कोण? जून-जुलैची मासेमारीबंदी हवीच, पण अंडी घालणं काही त्या दोन महिन्यांपुरतं नसतं.

मांदेली ज्यात सापडते ते डोल जाळं मासळीच्या मागे धावत नाही. ते पाण्याच्या ओढीत तोंड उघडून उभं राहतं. उधाणाला पाण्याला जोर असतो, वाहत येईल ते सगळं आत. शेवटच्या पिशवीची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक असली की पिल्लूही सुटत नाही. कोळ्याची अडचण मला कळते, आस मोठी केली तर जवळा निसटतो, आणि जवळ्यावर घर चालतं. म्हणून बारमाही मोठी आस वापरा असं मी म्हणणार नाही. पण जवळा नसतो त्या दिवसांत तरी मोठ्या आसेची पिशवी लावता येईल, आणि त्यासाठी जाळ्याच्या खर्चाला सरकारने हात द्यावा.

मला खरी चीड येते ती फिशमीलची, म्हणजे मासळी दळून केलेल्या भुकटीची. ही इवली मांदेली टेम्पो भरभरून दळायला जाते, कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यासाठी. पिल्लांना गिऱ्हाईक आहे तोवर ती धरली जाणारच. ही खरेदी आधी बंद व्हायला हवी.

मावशीकडे काल पुन्हा गेले होते. सांगून आले, हाताच्या पंजाएवढी मांदेली आली की मला फोन कर, चार पैसे जास्त देईन. तिने नंबर पाटीच्या कडेला खडूने लिहून घेतलाय.