माझं मत पाण्यात गेलं नाही

अमेरिकेत दोन मोठे पक्ष सोडून तिसऱ्या पक्षाला दिलेलं मत वाया जातं, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मी न्यू जर्सी राज्यात लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सन यांना मत दिलं. इथली १४ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणारी, राज्याच्या वाट्याची मतं) डेमोक्रॅटिक पक्षाकडेच जाणार होती, मग मनाविरुद्ध का शिक्का मारायचा? न्यू मेक्सिको राज्याचे दोनदा गव्हर्नर, ७००हून जास्त विधेयकं नकाराधिकारानं अडवलेला हा माणूस. सरकारनं लोकांच्या खिशात हात घालू नये, परक्या युद्धांत पडू नये, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. पन्नासही राज्यांत मतपत्रिकेवर नाव होतं, तरी अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादविवादात जागा नाही! का, तर जनमत चाचण्यांत १५ टक्के हवेत. टीव्हीवर दिसलाच नाही तर ते येणार कुठून? तरीही जवळपास ४५ लाख लोकांनी त्यांना मत दिलं. आधी ती अट काढा.