ॲसिडने ठिबकच्या नळीत करंट उतरत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘ॲसिडने प्लास्टिक वीजवाहक होतं, म्हणून ठिबकला ॲसिड ट्रीटमेंट दिली की नळीचा शॉक बसतो.’ (ॲसिड ट्रीटमेंट म्हणजे नळीत साचलेले क्षार ॲसिडच्या पाण्याने काढणं.) पहिला अर्धा भाग ठरावीक पॉलिमरपुरता, म्हणजे प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या काही पदार्थांपुरता, खरा आहे. दुसरा चूक.

ॲसिड डोपिंग, म्हणजे ॲसिड देऊन वीजवाहक करणं, चालतं ते पॉलिॲनिलीनसारख्या पॉलिमरवर. त्याच्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात, शिवाय नायट्रोजन असतो. त्याची निळी पूड 1 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही तास ढवळली की ॲसिडमधले प्रोटॉन (धनभारित हायड्रोजन) नायट्रोजनला चिकटतात, साखळीवर धनभार येतो, पूड हिरवी होते. वाहकता हजार कोटी पटींच्या घरात वाढून 1 ते 5 सीमेन्स प्रति सेंटिमीटरपर्यंत पोचते. तीच पूड अमोनियाच्या पाण्यात टाकली की प्रोटॉन सुटतात आणि सगळी मेहनत वाया. म्हणून ती धुवायची तीही सौम्य ॲसिडनेच. साध्या पाण्याने फार धुतली तरी वाहकता उतरते.

ठिबकची नळी पॉलिइथिलीनची. तिच्यात ना असे बंध, ना नायट्रोजन. ॲसिड कितीही पाजा, ती वाहक होत नाही. काळा रंग कार्बनचा खरा, आणि कार्बन वीजवाहक असतो, पण इथे तो दोन-अडीच टक्केच, उन्हापासून बचावापुरता.

शॉक बसलाच तर मोटरची अर्थिंग आणि केबलचे जोड तपासा. करंट नळीतल्या पाण्यातून येऊ शकतो, आणि ॲसिडचं पाणी साध्यापेक्षा जास्त वाहक असतं, हे मात्र खरं.

ट्रीटमेंट देताना ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नको. ब्लीचिंग पावडर त्याच टाकीत तर मुळीच नको: क्लोरीन वायू सुटतो.