लेबल लावा, पण बेतानं

गिऱ्हाईकाचं मशीन, म्हणजे लॅपटॉप नाहीतर कॉम्प्युटर, दुरुस्त झालं, पैसे हातात आले, पावती फाडली. आता उरलं एकच काम: आपल्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर मशीनवर चिकटवायचा. आणि नेमकं इथंच नवखे दुकानदार फसतात. वर्षानुवर्षं टिकेल असं लेबल शोधत बसतात! अहो, टिकणारं लेबल म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कबुलीजबाब. लेबलाचं आयुष्य वॉरंटीपेक्षा एक दिवसही जास्त असता कामा नये. ज्याला आपल्या सोल्डरिंगची खात्री आहे त्याने खुशाल दगडावर कोरून द्यावं. बाकीच्यांसाठी हे चार शब्द.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे थर्मल प्रिंटरचं कागदी लेबल. यात ना शाई, ना रिबन. कागदावरच्या रासायनिक थराला उष्णता लागली की तो काळा पडतो आणि अक्षर उमटतं. आता जे उष्णतेने उमटतं ते लॅपटॉपच्या पोटाखाली, गरम हवा जिथून फुसफुसत बाहेर येते त्या जाळीशेजारीच लावलं पाहिजे, हे ओघानं आलंच. उष्णतेने कागद काळवंडतो, उन्हाने अक्षरं विटतात. दोन्ही बाजूंनी फायदा आपलाच. एखादं चिकित्सक गिऱ्हाईक म्हणालं, ‘अहो, हे पुसलं जाईल,’ तर हसून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारून द्या. अनेक पट्ट्यांमधली प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं थर्मल छपाई सावकाश खाऊन टाकतात. गिऱ्हाईक खूश, पट्टी खूश, आणि काही महिन्यांनी खाली कोरा करकरीत कागद.

थर्मल प्रिंटर नसेल तर मार्कर आहेच. ‘परमनंट’ असं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते कोणीही मनावर घेऊ नये. आपण ज्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतो त्याचा एक बोळा फिरवला की परमनंट नंबर बोळ्यावर. साध्या कागदावरच्या इंकजेटच्या छपाईला तर ओलं फडकंही पुरतं.

तरी काही हट्टी माणसं असतातच. ती पॉलिस्टरचं लेबल आणतात, थर्मल ट्रान्सफर प्रिंटरमध्ये (हा रिबनवरचा रंग उष्णतेने लेबलावर उतरवतो) रेझिनची रिबन घालतात. हे लेबल पाण्याला भीत नाही, नखाला भीत नाही, अल्कोहोलचा बोळाही सहज झेलतं. अशांनी निदान रिबन तरी मेणाची घ्यावी. स्वस्त पडते आणि अक्षर नखाने खरवडून निघतं. तेही पटत नसेल तर चिकटवण्यात हात आखडता घ्या. पृष्ठभाग पुसू नका. ब्लोअरने उडालेली धूळ आणि पॉलिशचा तेलकट थर तसाच राहू द्या. कोपरे गोल कापू नका, टोकदारच ठेवा, म्हणजे बॅगेत सरकवताना पहिल्या दिवशीच एक कोपरा वर येईल. ॲक्रिलिक गोंदाला पूर्ण पकड घ्यायला एखाद-दुसरा दिवस लागतो. म्हणून लेबल लावल्याबरोबर, अंगठ्याने न दाबता, मशीन गिऱ्हाईकाच्या हातात द्या आणि ‘जरा जपून न्या हं’ म्हणा.

जागेचंही शास्त्र आहे. उत्तम जागा म्हणजे सीरियल नंबरच्या बरोबर वर. पुढच्या कारागिराला तो वाचायचा असेल तर आपलं लेबल फाडण्यावाचून गत्यंतर नाही. रॅमच्या झाकणाच्या स्क्रूवरही छान बसतं. त्याहून सुरक्षित म्हणजे चार्जर, कारण तो आधी हरवतो.

‘लेबल पुसलं जातं’ असं म्हणून कोणी नाक मुरडलं तर पूर्वजांचा दाखला द्या. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाला विंडोजच्या २५ अक्षरी किल्लीचं, म्हणजे परवान्याच्या क्रमांकाचं, स्टिकर असायचं, आणि ते मांडीवर घासून घासून इतकं गुळगुळीत व्हायचं की विंडोज पुन्हा टाकताना आपण बी आणि ८ यांच्यात भिंगातून निवाडा करत बसायचो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा नव्या मशीनची किल्ली थेट मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या कायमच्या प्रोग्राममध्ये, जाऊन बसली. एवढ्या मोठ्या माणसांनी जिथे स्टिकरपुढे हात टेकले तिथे आपली काय कथा?

आधुनिक दिसायचं असेल तर क्यूआर कोड छापा. १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला निघालेला हा कोड फार चिवट आहे; चुका भरून काढण्याची सर्वात वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के खराब होऊनही वाचता येतो. म्हणून मधोमध आपला भलामोठा लोगो टाका आणि ती सवलत पहिल्याच दिवशी संपवा. उरलेलं काम जाळीतली धूळ करेल. शिवाय कोड ज्या वेबसाइटवर नेतो तिचं नूतनीकरण विसरायला आपण समर्थ आहोतच.

पण माझं लाडकं लेबल वेगळंच आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या वहीत, ओईएम (मशीन बनवणाऱ्याची) माहिती नावाची जागा असते. तिथे दुकानाचं नाव आणि फोन भरला की तो सिस्टीमच्या माहितीत ऐटीत दिसतो. ना कागद, ना गोंद, ना कोपरा उचकटण्याची भीती. मशीन चालू असेपर्यंत आपला नंबर हजर. बंद पडलं, म्हणजे ज्या क्षणी त्या नंबराची गरज लागते त्या क्षणी, तो मशीनबरोबरच गप्प. आणि त्यातूनही वाचलाच तर पुढच्या वेळी फॉरमॅट कोण मारणार? आपणच.

हे शहाणपण मला उशिरा आलं. परवा एक गृहस्थ कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट घेऊन आले. बाजूच्या पत्र्यावर दुकानांच्या स्टिकरांचे थर, एकावर एक, जणू भाडेकरूंच्या पाट्या. हेअर ड्रायरने गरम करत मी एकेक सोलत गेलो. वरचे तिघं कागदी, चुरगळून आले. चौथ्याला मात्र नख लागेना. पांढरं शुभ्र पॉलिस्टर, कोपरे गोल कापलेले, अक्षर न् अक्षर ठसठशीत: एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, वॉरंटी ९० दिवस. खाली माझा जुना नंबर आणि माझीच सही.

गृहस्थ चष्मा सावरून वाकले. ‘हा कोण हो? सगळं बिघडायला इथूनच सुरुवात झाली.’

‘कोण जाणे,’ मी म्हटलं, ‘असतील कोणी जुने.’ आणि ड्रॉवरमधून नवं लेबल काढून त्याच्यावर बसवलं. कागदी.