पिवळा दिवा लागला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला काय?

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश सध्या फिरतो आहे. त्यातील दावे थोडक्यात असे: डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागून स्कॅनरने (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने) ऑक्सिजनसंबंधी कोड दाखवला, की ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) गेला असे समजावे, तो काढून रात्रभर पेट्रोलमध्ये भिजवला की नव्यासारखा होतो, न झाल्यास आटे जुळणारा कोणताही स्वस्त सेन्सर दहा मिनिटांत घरी बसवता येतो, आणि तेही नको असेल, तर त्याचा कपलर (वायरींची जोडणी) काढून ठेवावा, ॲव्हरेज उलट वाढते. सेन्सर घरी बदलता येतो, एवढे मला मान्य आहे, कारण मी स्वतः तो बदललेला आहे. बाकीचे मुद्दे मात्र तपासून पाहावे लागतील.

पहिला दावा सर्वांत महागात पडणारा आहे. मॅनिफोल्डजवळचा (सिलिंडरांतला धूर एकत्र नेणाऱ्या नळ्यांजवळचा) झिर्कोनिया या सिरॅमिकचा नेहमीचा सेन्सर बाहेरच्या हवेतील आणि धुरातील ऑक्सिजनची तुलना करून व्होल्टेज देतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला असेल, तर ते ०.१ व्होल्टच्या आसपास राहते आणि कमी असेल, तर ०.९ पर्यंत चढते. इंजिनचा संगणक त्यावरून इंधन कमी-जास्त करून वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळतो. आता एखाद्या सिलिंडरचा स्पार्क प्लग चुकू लागला, तर पेट्रोल न जळता बाहेर पडते, पण त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो, आणि सेन्सर ‘हवा जास्त’ असेच सांगतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटलेले असले, तरी धुराच्या दोन लोटांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाऊन तेच घडते. पी ०१७१ हा कोड ‘मिश्रण विरळ’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, एवढेच सांगतो आणि पी ०४२० हा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेविषयी आहे. या दोन्ही वेळी सेन्सर बहुधा आपले काम चोख करत असतो, आणि आपण निरोप्यालाच फाशी देतो.

पी ०१३५ हा कोड तर सेन्सरला आतून तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचाच. तेव्हा तरी सेन्सर दोषी धरावा की नाही? मीही तसेच धरून नवा सेन्सर मागवण्याच्या बेतात होतो. मागवण्यापूर्वी कपलर सोडवून हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावला, तर रोध मोजक्या ओहमचा, म्हणजे हीटर शाबूत. इंजिन चालू ठेवून गाडीकडच्या बाजूला पाहिले, तर तिथे १२ व्होल्ट पोचतच नव्हते. फ्यूज ठीक होता. शेवटी वायरिंगचा मागोवा घेत गेलो, तेव्हा बॅटरीच्या ट्रेखाली एक वायर सोललेल्या शेंगेसारखी उघडी पडलेली दिसली, आणि शेजारी उंदराच्या लेंड्या. ती वायर जोडून, वर आवरण चढवून काम भागले. मात्र असा जोड सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना डाख लावून देऊ नये, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींच्या तारांमधूनच आत घेतात.

पेट्रोलच्या आंघोळीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. टोकावरची काळी काजळी इंजिन नीट चालू लागले की उष्णतेने बरीचशी आपोआप जळून जाते. सेन्सर खरोखर मरतो तो सीलंटमधल्या सिलिकॉनमुळे, जळणाऱ्या इंजिन ऑइलमुळे किंवा आत झिरपणाऱ्या कूलंटमुळे, आणि तो थर पेट्रोलमध्ये विरघळत नाही. शिवाय पेट्रोल मुरलेला भाग तापणाऱ्या सायलेन्सरमध्ये परत बसवणे हा आगीशी खेळ आहे.

‘आटे जुळले की झाले’ हा समज कुठून आला, हे समजण्यासारखे आहे, कारण बहुतेक सेन्सरांचे आटे १८ मिलिमीटरचे आणि षटकोन २२ मिलिमीटरचा असतो. पण साध्या सेन्सरच्या जागी मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर, किंवा उलट, चालत नाही. दिसायला दोन्ही सारखेच असतात. त्यामुळे भाग क्रमांक जुळवूनच खरेदी करावी. दहा मिनिटे म्हणाल, तर गंजलेल्या आट्यांना ती मान्य नसतात, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला तर मुळीच नाहीत. माझा दीड तास गेला. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, सायलेन्सर जरा कोमट असताना हातमोजे घालून वायरसाठी खाच असलेला सॉकेट लावावा, आणि हिसका न देता जोर वाढवत न्यावा. आटे गेले, की पुढचे काम लेथवाल्याकडचे. गाडीखाली शिरायचे असेल, तर नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता स्टँड लावावेत. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा वंगण लावलेलेच असते. नसल्यास लावावे, पण टोकाला लागू देऊ नये.

कपलर काढल्याने ॲव्हरेज वाढल्याचे सांगणारे सगळे खोटे बोलतात असे नाही. सेन्सर ‘विरळ’वर अडकलेला असेल, तर संगणक पेट्रोल वाढवत राहतो, सेन्सर सोडवला, की संगणक साठवलेल्या ठरावीक आकड्यांवर येतो आणि खप थोडा उतरतो. पण ही तुलना बिघडलेल्या गाडीशी झाली. चांगला सेन्सर सोडवला, तर मिश्रण बहुधा दाटच होते, पीयूसी चाचणी अडू शकते, आणि न जळालेल्या पेट्रोलमुळे कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो, ज्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. शिवाय दिवा कायम लागलेला राहिल्याने पुढचा बिघाड दिव्यावरून कळायला मार्गच उरत नाही.

सेन्सर बदललाच, तर कोड पुसून गाडी चांगली गरम होऊ द्यावी आणि स्कॅनरवर आलेख पाहावा: साधा सेन्सर असेल, तर कन्व्हर्टरच्या आधीची रेघ भराभर खाली-वर व्हायला हवी आणि नंतरची बरीचशी स्थिर. नवीन सेन्सरची रेघही जुन्यासारखीच तळाशी चिकटून राहिली, तर जुना खरेच बोलत होता. म्हणून हा आलेख पाहिल्याशिवाय जुना सेन्सर भंगारात टाकू नये.