‘बाहुलीवर शिकलेली नर्स नको’ म्हणणाऱ्या दाजींना

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘हॉस्पिटलं नर्सना बाहुल्यांवर शिकवून लाखोंचा चुराडा करतात. सिम्युलेशन, म्हणजे बाहुलीवरचा खोटा-खोटा सराव, हे परदेशी खूळ. हात खऱ्या पेशंटवरच बसतो. नर्स चुकली की कामावरून काढा, आपोआप सुधारतील.’ आमच्या दाजींनी तो नुसता पुढे ढकलला असता तर सोडून दिलं असतं. पण त्यांची लेक बी.एस्सी. नर्सिंगला, आणि तिला म्हणाले, ‘बाहुलीला सुई टोचून कुठं नर्स हुतीय व्हय? रविवारच्या वर्कशॉपला जाऊ नको.’ मी आयसीयूत इन्चार्ज सिस्टर आहे. आता बोलणं भाग आहे.

‘हात खऱ्या पेशंटवरच बसतो.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. दाजी, हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबायचा सराव कुणावर करायचा? मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. धडधाकट माणसावर हे करून बघता येत नाही, बरगड्या मोडू शकतात. मग पहिला अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडलेला पेशंट, येईपर्यंत वाट बघायची? आणि तो पहिला पेशंट कुणाचा बाप असावा, तेही मेसेजवाल्यानं लिहायचं होतं.

मॉक कोडमध्ये, म्हणजे अरेस्टच्या रंगीत तालमीत, काय होतं ते सांगते. बाहुली बेडवर, मॉनिटरवर सरळ रेघ. चौघी सिस्टर धावतात, चौघीही क्रॅश ट्रॉलीकडे, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाड्याकडे! छातीवर कुणाचाच हात नाही. ‘ॲड्रेनॅलिन भरा’ असं कुणीतरी ओरडतं आणि हृदयाला चालना देणारं ते औषध दोघी भरायला घेतात. श्वासनळीत नळी घालताना घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागत नाही, सेल उतरलेला. मग बसून व्हिडिओ बघायचा, कोण कुठं होतं ते बोलायचं, की पुन्हा फेरी. आता ऑर्डर नाव घेऊन जाते, ती सिस्टर मोठ्यानं सांगते, ‘ॲड्रेनॅलिन एक एमजी दिलं’, आणखी एक सिस्टर वेळ लिहून ठेवते. पुस्तक पाठ करून हे येत नाही हो.

पुरावा हवा? अमेरिकेतल्या नर्सिंग नियामक मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनं दहा नर्सिंग संस्थांत तीन गट केले. वॉर्डातल्या तासांऐवजी सिम्युलेशन एका गटाला फार तर १० टक्के, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला ५०. निकाल २०१४ साली आला: ज्ञानात, कौशल्यात, परवाना परीक्षेत लक्षणीय फरक नाही. तिसऱ्या गटाचेही उरलेले अर्धे तास मात्र वॉर्डातच होते. नुसत्या बाहुलीवर अख्खी नर्स कुणीच घडवत नाही.

परदेशी खूळ म्हणाल, तर अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या हॉस्पिटलात नर्सना शिकवायला बाहुली आली १९११ साली. खूळ एवढं टिकत नसतं. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या अभ्यासक्रमातही सिम्युलेशन आहे.

लाखोंचा चुराडा? बरं, यात थोडं तथ्य आहे. महागडी बाहुली घ्यायची, कव्हर घालून कुलपात ठेवायची आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी पुसून मांडायची, हे चालतं. पण छाती दाबायला साधी अर्ध्या धडाची बाहुली पुरते आणि औषधांच्या सरावाला रिकाम्या अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या.

राहिलं ‘कामावरून काढा’. काढायच्या धाकानं चुका थांबत नाहीत, लपतात. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, आणि काही अँप्युल दिसायला एकसारख्या असतात. मॉकमध्ये एकीचा हात घाईत पोटॅशियमच्या अँप्युलकडे गेला. तिला नोटीस दिली नाही. पोटॅशियम ट्रॉलीवरून उचललं आणि लाल लेबल लावून वेगळ्या कपाटात ठेवलं.