शंभरातले तीन आणि भाऊंचे चार व्हिडिओ

शनिवारी रात्री तलावपाळीच्या कट्ट्यावर पक्याने जाहीर केलं, नवा ऑनलाइन कोर्स घेतलाय. एक्सेलचा, चारशे नव्याण्णवला. आधीचे तीन अर्धवट पडलेत, हे आम्हाला पाठ आहे.

"तुझं एकट्याचं नाही रे," सुजाता म्हणाली. "हार्वर्ड-एमआयटीच्या फुकट कोर्सेसना २०१७-१८ मध्ये नावं घातलेल्या शंभरातले जेमतेम तीन शेवटपर्यंत गेले."

"म्हणजे सगळं बोगस," बाळ्या.

मी मध्ये पडलो. फुकटात नाव घालायला काय जातंय? तिथेच ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे मोजले, त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास पोचले.

"मग मीही भरलेत की!"

"त्याहून जास्त आपण पाच जण मामलेदारला मिसळीवर उडवतो. झोंबेल एवढे भर."

सुजाता मात्र पैशांवर अडून बसली नाही. तिने एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन, आठ आठवड्यांचा कोर्स केला, पोरगं झोपल्यावर. दर आठवड्याला गृहपाठ, त्याचे पंचवीस टक्के, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची त्याचे पंचाहत्तर. "तारीख गेली की गेली. ती तारीख नसती तर मीही तुझ्यासारखीच."

पक्या लोकलमध्ये दीडपट वेगाने बघतो. बघताना सगळं कळतं, ऑफिसात हात चालत नाही. चालणार कसा? २००६ च्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र, न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. कळल्यासारखं वाटणं हे फार फसवं असतं. (मी स्वतः गिटारच्या बाबतीत यात वर्षभर सुखाने राहिलो.)

भाऊ इतका वेळ शेंगा सोलत होते. खोपटच्या वर्कशॉपमधून रिटायर, आता सोसायटीचे खजिनदार. "मी तो एक्सेलचा बघितला ना. चाळीसमधले चार व्हिडिओ. वार्षिक सभेआधी थकबाकीची यादी हवी होती. ती निघाली, बाकीचं सोडलं."

"म्हणजे भाऊ, तुम्ही नापास," बाळ्या हसला. "त्या सत्त्याण्णवातले."

सुजाता गप्प झाली. तिचा तो तीनचा आकडा मलाही मग जरा लंगडा वाटायला लागला.

"पक्या, यंदाची यादी तू काढ," भाऊ म्हणाले. "पुढच्या रविवारी सभा आहे. चाळीस फ्लॅट, सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात."

पक्याने घाईघाईने सगळ्यांना चहा सांगितला.